जिभेखालची गोळी

ठाणेदार वानकर वेळेआधी आले आणि तिथंच सगळं फिसकटलं.

नागपुरात एका नाल्याच्या काठाला, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या दोन खोल्यांत आमचं केंद्र होतं. सुई टोचून नशा करणारी माणसं तिथं यायची. त्यांना स्वच्छ सुया द्यायच्या, वापरलेल्या परत घ्यायच्या, हातापायांवरच्या जखमा धुऊन पट्ट्या बांधायच्या, आणि ज्यांना सुई सोडायची असेल त्यांना रोज सकाळी एक गोळी द्यायची, एवढं आमचं काम. मी तिथली नर्स. नाव मंदाकिनी खोब्रागडे, पण त्या नावानं मला हाक मारणारं तिथं कुणी नव्हतं. सगळ्यांची मी सिस्टर.

ही गोळी गिळायची नसते. ती चुरून जिभेखाली धरायची आणि पूर्ण विरघळेपर्यंत तोंड मिटून बसायचं. मध्येच बोललं की थुंकी सुटते, थुंकीबरोबर औषध पोटात जातं आणि वाया जातं. मग संध्याकाळपासून नाक गळायला लागतं, हाडं ठणकतात, आणि माणूस पुन्हा नाल्याकडे बघू लागतो. शिवाय गोळी तोंडात लपवून बाहेर नेऊन कुणी विकू नये म्हणून शेवटी मला प्रत्येकाची जीभ उचलून बघावी लागायची. तेवढा वेळ बाकावर अशी शांतता असे की परीक्षेच्या हॉलनं लाजावं. त्या वेळात कुणी काही विचारलं तर आमची माणसं ओठांवर बोट ठेवायची. तोंडात गोळी आहे, जरा थांब, एवढाच त्याचा अर्थ. ही खूण त्यांना कुणी शिकवली नव्हती. त्यांची त्यांनीच ठरवली होती, आणि इतकी अंगवळणी पडली होती की बाहेरच्या जगात त्या बोटाचा अर्थ काय होतो हे आम्ही सगळेच विसरून गेलो होतो.

त्या दिवशी अमली पदार्थ विरोधी दिन होता. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर धवड सर यांनी कार्यक्रम ठेवला होता. धवड सर माणूस भला, पण वर्दी दिसली की त्यांचा कणा लोण्याचा व्हायचा. पाहुणे म्हणून त्यांनी ठाणेदारांना बोलावलं. श्रोते कुठून आणायचे हा प्रश्न होता, तो त्यांनी गोळीच्या वेळेला कार्यक्रम लावून सोडवला. गोळीसाठी आलेली माणसं गोळी झाल्यावर आपोआप बसतील, असा हिशेब. ठाणेदार उशिरा येणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. पण जीप गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली तेव्हा मी नुकत्याच गोळ्या चुरून दिल्या होत्या आणि अख्खा बाक तोंड मिटून बसला होता.

वानकर आत आले. मागे एक फोटोग्राफर, एक हवालदार. धवड सर पुष्पगुच्छ घेऊन धावले. साहेबांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं, त्यामुळे भाषण वगैरे नको, शपथच घेऊन टाकू असं ठरलं. सगळ्यांना उभं केलं. उजवा हात पुढे करायला लावला. वानकरांनी घसा साफ करून सुरुवात केली, की मी आजपासून कोणत्याही नशेला स्पर्श करणार नाही.

समोरून अक्षर नाही. हात पुढे, तोंडं बंद.

त्यांना वाटलं ऐकू गेलं नसेल. त्यांनी तेच वाक्य आवाज चढवून म्हटलं. तरी कुणी ओठ हलवले नाहीत. मी पुढे होऊन सांगितलं, साहेब, यांच्या जिभेखाली औषध आहे, थोडं थांबावं लागेल. पंख्याचा खडखड आवाज आल्यावर माणूस वर बघतो तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा समोर वळले. धवड सर माझ्या कोपराला हात लावून कुजबुजले, "सिस्टर, नंतर बोलू ना आपण."

वानकरांच्या सगळ्यात जवळ गुणवंत उईके उभा होता. चाळिशीचा, काटकुळा, पुताईची कामं करणारा. त्याच्या नखांत कायम चुना असायचा. दसऱ्यापासून त्यानं एकही दिवस गोळी चुकवली नव्हती. वानकरांनी त्याच्या छातीवर काठीचं टोक टेकवलं.

"नाव काय तुझं?"

गुणवंतनं नजर खाली घातली आणि अदबीनं ओठांवर बोट ठेवलं.

फोटोग्राफरला हसू फुटलं. बस, तेवढंच झालं. एका गर्दुल्ल्यानं ठाणेदाराला त्याच्या तोंडावर गप्प बसायला सांगितलं, असं त्या खोलीत क्षणभर दिसलं आणि जे दिसलं तेच खरं ठरलं. वानकरांनी त्याच्या अशी मुस्काटात मारली की तो बाकावर कलंडला. त्याच्या तोंडातून पांढरा चुरा आणि थोडं रक्त फरशीवर पडलं.

"हे काय थुंकला हा?" वानकरांनी विचारलं.

"औषध," मी म्हटलं. "सरकारनं मान्य केलेलं औषध आहे ते. तेच तर सांगत होते मी."

"औषध असं पांढरं पांढरं असतं होय?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. मोठ्यानं बोलले एवढं आठवतं, आणि धवड सरांनी माझ्यापुढे हात जोडले ते आठवतं. साहेबांपुढे नाही, माझ्यापुढे. तोवर हवालदारानं गुणवंतची गचांडी धरून त्याला जीपमध्ये घातलंही होतं. तेव्हा कुठे इतरांच्या गोळ्या विरघळल्या. एकेक जण माझ्यापुढे येऊन जीभ दाखवून, मान खाली घालून निघून गेला.

आता गुणवंतची गोष्ट सांगायला हवी, म्हणजे त्या थपडेनं काय गेलं ते कळेल. त्याची बायको सुगंधा. एका मेसमध्ये पोळ्या लाटायची. नवऱ्याच्या सुईला कंटाळून ती मुलीला घेऊन काटोलला भावाकडे निघून गेली होती. गुणवंतनं गोळी सुरू केली, कामाला जायला लागला, तेव्हा दिवाळीला ती परत आली. पण येताना तिनं माझ्यासमोर त्याला बजावलं होतं की एकदा जरी पुडीला हात लागला तर मी थांबणार नाही, आणि मग बोलवायलाही येऊ नको. ती अधूनमधून केंद्रात डोकावायची आणि एकच प्रश्न विचारायची, "घेऊन राहिला ना, बाई?" मी हो म्हटलं की चहाही न पिता कामाला पळायची. तिचं घर त्या गोळीवर उभं होतं. ती गोळी आता फरशीवर पडली होती आणि धवड सर त्यावर पोछा मारायला सांगत होते.

मी आमच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, औषध थुंकीत गेलं असेल तर दुसरी गोळी द्यायला हवी, तुम्ही ठाण्यात जाऊन द्या, माझं नाव सांगा. धवड सरांचं म्हणणं वेगळं होतं. पोलिसांशी वाकडं घेतलं तर केंद्राला टाळं लागेल, एकासाठी सगळ्यांचं नुकसान का करायचं, दोन दिवसांत सुटेल तो. दोन दिवसांत काय होतं ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी कपाटातून गोळी काढली आणि निघाले.

ठाण्यात सुगंधा माझ्याआधी पोहोचली होती. वस्तीतून कुणीतरी तिला मेसवर जाऊन सांगितलं होतं. हाताला कणीक तशीच, आणि दुसऱ्या हातात डबा. ती टेबलामागच्या अंमलदाराला एकच गोष्ट परत परत विचारत होती की त्यानं केलं काय. अंमलदार म्हणत होता, साहेबांना विचारा. सार्वजनिक शांततेचं काहीतरी कलम लावलं होतं. तोंड न उघडणाऱ्या माणसानं शांतता कशी मोडली, हे मी विचारलं तर अंमलदार कंटाळून म्हणाला, "मॅडम, वाद नका घालू."

डबा आत गेला. पण त्याआधी त्यानं पोळ्यांचे तुकडे केले, भाजीत पेन फिरवला, भातात बोट घातलं. माझी पर्स टेबलावर उपडी केली. कात्री बाजूला, गोळीची पट्टी बाजूला.

"हे काय?"

मी सांगितलं. डॉक्टरांचं नाव सांगितलं, फोन जोडून देते म्हटलं.

"साहेबांचा हुकूम आहे. नशेची कोणतीच वस्तू आत जाणार नाही."

"ही नशा नाही. नशा सुटावी म्हणून दिलेली गोळी आहे."

"तेच ते," तो म्हणाला आणि पट्टी खणात टाकली.

आम्ही दोघी बाकावर बसलो. सुगंधानं हाताची कणीक खरवडून काढली आणि कुठं टाकावी ते न कळून पदरात बांधून ठेवली. दुपारी वानकर आले. मी उभी राहिले. राग गिळून, शक्य तितक्या गोड आवाजात सांगून बघितलं. दसऱ्यापासून हा माणूस सुईशिवाय आहे, आजची गोळी वाया गेली, आत्ता दिली नाही तर रात्रभर तडफडेल, आणि बाहेर आल्यावर पहिल्यांदा पुडीच शोधेल. तुम्हाला तो नशेत नको ना, मग मला दोन मिनिटं आत जाऊ द्या.

"मॅडम, एक सांगा. तुम्ही नशा सोडवता का वाटता?"

"दम्याचा रोगी आत असता तर त्याचा पंप तुम्ही बाहेर ठेवून घेतला असता का?"

"दमा कुणी हौसेनं लावून घेत नाही," वानकर म्हणाले. "एक रात्र तडफडला तर सुधारेल. आम्ही असे खूप सुधारलेत."

माझा गोड आवाज तिथंच संपला. मी म्हटलं, तुम्ही सुधारलेली दोन माणसं मीच नाल्यातून उचलून मेडिकल हॉस्पिटलला नेली आहेत, एक परत आला नाही. वानकरांनी अंमलदाराला सांगितलं की मॅडमना पाणी द्या. पाणी द्या म्हणजे बोलणं संपलं.

भेटायला मात्र त्यांनी दोन मिनिटं दिली, गजांच्या बाहेरून. गुणवंत भिंतीला टेकून बसला होता. गालावर बोटं उमटलेली, ओठ फाटलेला. जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, आणि एवढ्या उकाड्यात हातावर काटा. डबा तसाच पडला होता. मला बघून तो उठायला लागला, मी नको म्हटलं.

"सिस्टर, माही चूक झाली का?" त्यानं विचारलं.

"तुझी काही चूक नाही."

"मले वाटलं बोललो तं गोळी वाया जाईन. मंग म्हनलं, साहेब समजून घेतीन." तो हसायला गेला आणि ओठातून रक्त आलं. "आज रात काढतो म्या. तुमी सकायी या. दुसरं काई घेनार नाई, सुगंधा. आयकून राहिली ना?"

सुगंधानं मान हलवली. गजांतून हात घालून तिनं त्याचं नाक आपल्या पदरानं पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं. दोन मिनिटं झाली म्हणून हवालदारानं आम्हाला बाहेर काढलं. सकाळी जीपमध्ये कोंबणारा तोच हवालदार. जाडजूड, झोपाळू डोळ्यांचा. बाहेर काढतानाही काही वाईट बोलला नाही.

संध्याकाळभर मी डॉक्टरबाईंच्या मागे लागले. त्यांनी पोलिसांच्या वरच्या साहेबांना फोन केला. साहेब बैठकीत. परत केला. साहेब जेवायला. शेवटी साहेब भेटले आणि त्यांना सगळं पटलंही. गोळी द्यायला हरकत नाही, सकाळी ठाणेदाराला सांगतो म्हणाले. सकाळीच का, आत्ता का नाही, हे कुणी कुणाला विचारायचं? ज्यांच्या अंगाला मुंगीही चावत नाही त्यांच्यासाठी एक रात्र म्हणजे काहीच नसतं.

सकाळी आम्ही दोघी ठाण्यात गेलो तेव्हा वानकर माझी वाटच बघत होते. वरून फोन आला होता आणि तो त्यांना झोंबला होता. टेबलावर पेपर होता, आतल्या पानावर कालचा फोटो. हात पुढे केलेली आमची माणसं, समोर वानकर, आणि खाली छापलेलं की व्यसनमुक्तीची शपथ घेताना. एकाचंही तोंड उघडं नव्हतं. छापणाऱ्याला ते दिसलं नव्हतं की चाललं होतं, देव जाणे.

"या, मॅडम," वानकर म्हणाले. "द्या तुमची गोळी. माझ्यासमोर द्या. मलाही बघू दे काय जादू आहे."

गुणवंतला कोठडीतून बाहेर आणून बाकावर बसवलं. मी गोळी चुरत होते आणि मनातल्या मनात तयारी करत होते. रात्रभराच्या त्रासानं तो कसा दिसणार हे मला पाठ होतं. घामानं चिंब, पाय झाडणारा, उलट्यांनी रिकामा झालेला. मी वर बघितलं तर गुणवंत शांत बसला होता. अंग कोरडं. नाक कोरडं. नखांनी हळूहळू हात खाजवत होता.

"जीभ उचल," मी म्हटलं.

त्यानं तोंड घट्ट मिटून घेतलं.

"गुणवंत, जीभ उचल. परवानगी मिळाली आहे."

त्यानं मान हलवली. नाही.

सुगंधा पुढे सरकली. कालपासून पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "घे ना. बाई दिवसभर पाय तोडून राहिल्या तुह्यासाठी. घे मुकाट्यानं."

तो पुन्हा नाही. वानकर खुर्चीत मागे रेलून हसले. म्हणाले, बघा मॅडम, ज्याच्यासाठी तुम्ही वरपर्यंत गेलात त्यालाच नको आहे. मी सांगत होतो ना, एका रात्रीत सुधारतात. बघा कसा ठणठणीत बसलाय.

ठणठणीत. त्या शब्दानं माझं लक्ष गेलं. मी गुणवंतची हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडे केलं. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. रात्रभर गोळीविना राहिलेल्या माणसाच्या बाहुल्या बटणाएवढ्या मोठ्या होतात. अशा बारीक होतात त्या एकाच गोष्टीनं, पुडीतल्या पावडरनं.

आमच्याकडे प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली जाते. अंगात पावडर असताना ही गोळी घ्यायची नाही. घेतली तर गोळी पावडरला एकदम हुसकावून लावते आणि दिवसभराचा त्रास एका घटकेत अंगावर कोसळतो. तशी वेळ आली तर लपवू नका, मारणार नाही, हाकलणार नाही, फक्त सांगा. गुणवंतला लपवायचं असतं तर काय कठीण होतं? चुरा तोंडात घेऊन थुंकीबरोबर लगेच गिळून टाकला असता, पोटात गेलं की औषध वायाच जातं. बायको शेजारी उभी होती. तिची अट त्याला ठाऊक होती. तरी त्यानं तोंड मिटून घेतलं.

मी त्याच्यासमोर उकिडवी बसले आणि हळू विचारलं, "कधी घेतलीस?"

तो सुगंधाकडे बघत नव्हता. "राती."

"कुठून आली?"

दाराशी उभ्या असलेल्या झोपाळू डोळ्यांच्या हवालदाराकडे त्यानं बघितलं, आणि हवालदारानं दुसरीकडे बघितलं.

"म्या ओरडत होतो, सिस्टर. पोटात पिळा पडत होता. त्यायले झोप येत नव्हती. त्यायनं पुडी देल्ली, शिगरेटची पन्नी देल्ली, काडीपेटी देल्ली. म्हने, ओढ आन् गप ऱ्हा." त्यानं फाटलेला ओठ पुसला. "पयल्यांदा म्या नाई म्हनलं. दुसऱ्यांदाबी नाई म्हनलं."

माझी गोळी ज्या टेबलाच्या खणात पडून होती त्यालाच टेकून अंमलदार उभा होता. पोळीचे तुकडे करून बघणारा, भातात बोट घालणारा. वानकर खुर्चीत सरळ झाले. म्हणाले, गर्दुल्ला काय वाटेल ते बरळतो, पुरावा काय? मी म्हटलं, पुरावा त्याच्या डोळ्यांत आहे, आत्ता मेडिकलला नेऊन लघवी तपासा, आणि काल इथं आत यायला कुणाकुणाला परवानगी होती तेही तपासा. ते म्हणाले, तुम्ही नर्स आहात, नर्सचं काम करा.

मी आणखी बोलणार होते. पण सुगंधानं मला हातानं मागे सारलं. मला वाटलं आता ती नवऱ्याला बोलणार, आणि खरं सांगते, तिला तो हक्क होता. ती त्याच्या अंगावरून पुढे गेली आणि थेट वानकरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. ओरडली नाही. मेसमध्ये कुणी पोळी परत केली तर ती ज्या आवाजात कारण विचारायची, त्याच आवाजात बोलली.

"साहेब, दसऱ्यापासून माह्या नवऱ्याले कोनी पुडी देऊ शकला नाही. नाल्यावर ईकनारे हाय, वस्तीत हाय, त्यायनं फुकट देतो म्हनून पाहिलं. त्यानं नाई घेतली. तुमच्या कुलपात भेटली त्याले."

वानकरांचा चेहरा लाल झाला. अंमलदाराला म्हणाले, सोडा याला, घेऊन जाऊ दे, नसती डोकेदुखी. काल सार्वजनिक शांततेला एवढा मोठा धोका असलेला माणूस आज नसती डोकेदुखी होऊन सुटला. त्या हवालदाराचं पुढे काही झालं नाही. मी तक्रार दिली, डॉक्टरबाईंनी सही केली, चौकशी लागली, आणि चौकशी करायला वानकरांनाच सांगण्यात आलं. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. वानकर बढती मिळून निवृत्त झाले, असं ऐकलं.

पण त्या दिवशी हे सगळं पुढचं होतं. त्या दिवशी आम्ही तिघं केंद्रात आलो. धवड सर बाहेर गेले होते, बरंच झालं. गुणवंतला मी बाकावर बसवलं. सुगंधा त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून बसली. काटोलला जाणार की नाही, हे ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. तिनं एवढंच विचारलं की आता गोळी का देत नाही.

मला तिला सांगावं लागलं. रात्रीची पावडर अंगातून उतरायला हवी. ती उतरली की कालचा त्रास पुन्हा सुरू होईल, नाक, हाडं, पोट, सगळं. तो नीट सुरू झाल्यावरच गोळी देता येते. त्याआधी दिली तर हाल होतील.

"म्हंजे कालचं सगळं पुन्ना?"

"हो. पुन्हा."

"अन् तोपर्यंत?"

"तोपर्यंत बसायचं."

ती उठून गेली नाही. पदराच्या गाठीतली कालची वाळलेली कणीक तिनं खिडकीतून बाहेर टाकली आणि येऊन बसली, या वेळी त्याला लागून. गुणवंत म्हणाला, तू जा कामावर, खाडा होईन. ती म्हणाली, होऊ दे.

दुपार कलली तसा गुणवंत जांभया द्यायला लागला. सुगंधानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, अजून नाही. मग त्याचं नाक गळायला लागलं. ती म्हणाली, बाई, नाक आलं. मी म्हटलं, अजून थोडं. मग त्यानं गुडघे पोटाशी घेतले, दात वाजायला लागले आणि कोपरापासून मनगटापर्यंत काटा उभा राहिला. सुगंधानं त्याच्या हातावरून हात फिरवून तो काटा तपासला आणि माझ्याकडे वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. नवऱ्याचं अंग थरथरायला लागलं म्हणून आनंद. कुठल्याही बाईला ज्याचा आनंद व्हायला नको अशी गोष्ट तिला आनंदानं बघायला लावली त्या लोकांनी.

"बाई, आता देता का?" ती म्हणाली.

मी कपाट उघडलं.